जाते, मेटाटे आणि ‘कला’ हा शब्द

मार्कंड्याला आपण सगळेच गेलेलो असतो. वैनगंगेकाठच्या त्या मंदिरांपुढे उभे राहून मूर्ती बघतो, फोटो काढतो. परतताना चामोर्शीच्या वाटेवर एखाद्या घरामागे जात्याची तळी पडलेली दिसते, तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. दोन्ही दगडच, दोन्हींवर छिन्नी चाललेली. मग एक कला आणि दुसरे अवजार, हे ठरवले कोणी?

कांटने १७९० मध्ये मांडले की शुद्ध सौंदर्याचा आनंद निर्हेतुक असतो. वस्तू कशासाठी आहे हे मनात आले, की ते सौंदर्य आश्रित झाले. जाते इथेच नापास होते.

आता मेसोअमेरिकेच्या दक्षिण टोकाला, कोस्टारिकात बघा. तिथे ज्वालामुखीच्या दगडातून मका दळायचे पाटे, म्हणजे मेटाटे, कोरत. त्यांना तीन-चार पाय, काहींना जग्वारचे डोके आणि शेपटी. लोखंड नव्हते, दगडानेच दगड घडवला. मातब्बरांच्या थडग्यांत ते सापडले आणि संग्रहालयांत ‘शिल्प’ म्हणून बसले. काही अभ्यासक म्हणतात, ही आसनेच असावीत. म्हणजे दळणाचा संबंध तुटला, की मान वाढला!

आमचा आक्षेप इथे आहे. या कौतुकात दळणारी बाई हरवते. माया लोकांच्या ‘पोपोल वुह’ला मात्र दळणाचा विसर पडलेला नाही. त्यात लाकडी माणसांवर त्यांचेच पाटे उलटतात, रोजच्या रगडण्याचा सूड घेतात.

आपल्या जात्याला ना डोके, ना शेपटी. त्याचे कोरीवकाम म्हणजे टाकीचे घाव. ते दळता दळता झिजतात, मग पुन्हा टाकी लावून घ्यायची. वापराने पुसले जाणारे आणि वापरासाठीच पुन्हा कोरले जाणारे काम. कांटच्या चौकटीत हे बसत नसेल, तर चौकट अपुरी आहे असे आम्ही म्हणू.

पण गहिवरून जाऊ नका. हेमा रायरकर आणि गी पॉइटविन यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत भक्ती आहे तशी सोसलेलीही आहे. गिरणी आली, बायांचे खांदे सुटले, हे चांगलेच झाले.

म्हणून जाते काचेच्या कपाटात ठेवा, अशी आमची मागणी नाही. ठेवलेच, तर पाटीवर दगडाची जात आणि शतक लिहून थांबू नका. त्यावर काय दळले आणि कोणी दळले, तेही लिहा.