वृत्तालेखातील रंग आणि अहिराणीचे स्थान

जळगाव व धुळे जिल्ह्यांची भाषिक विभागणी दाखविणारे वृत्तालेख पदव्युत्तर लघुप्रबंधांत वरचेवर आढळतात. आकडे बहुधा बिनचूक असतात. रंगांचा विचार मात्र केलेला नसतो. जळगावच्या आलेखात भाषा आकारानुसार मांडल्याने मराठी निळी, तर पुढच्याच पानावर धुळ्याच्या आलेखात वर्णानुक्रम धरल्याने अहिराणी निळी!

याचे कारण आज्ञावलीत आहे. पायथनमधील मॅटप्लॉटलिब या साधनात रंग नेमून दिले नाहीत, तर ठरलेल्या दहा रंगांच्या मालिकेतून ते क्रमाने दिले जातात. रंग भाषेला मिळत नाही, क्रमांकाला मिळतो. ‘कलर्स’ या नावाने स्वतःची यादी दिली तरी तीही क्रमानेच वाचली जाते, व अपुरी पडल्यास पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. रंग पाच आणि पाकळ्या सहा असल्या, तर सहावी पाकळी पहिलीचा रंग घेते. आणि वर्तुळात या दोघी शेजारीच असतात. म्हणून भाषेच्या नावापुढे तिचा रंग लिहिलेला कोश आधी करावा व त्यावरून रंगांची यादी काढावी. (पायथनमध्ये या रचनेस ‘डिक्शनरी’च म्हणतात, आपणांस ती परकी वाटू नये.)

परंतु हा कोश करावयास बसले म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. अहिराणीस मराठीच्या निळ्याची फिकी छटा द्यावी, की स्वतंत्र रंग? छटा दिली की ती बोली ठरली. रंग दिला की भाषा. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात मराठी सातव्या खंडात आहे, खानदेशी मात्र नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात (1907), भिल्ल भाषांसमवेत. जनगणनाही खानदेशी वेगळी धरून अहिराणी, डांगी, गुजरी तिच्याखाली मोजते. ही संख्या 1991 साली 9.74 लाख होती, 2001 साली 20.75 लाख, 2011 साली 18.60 लाख. दहा वर्षांत भाषिकांची पैदास दुप्पट होत नाही. बदलली ती नोंद. जेथे नोंदच इतकी डळमळीत, तेथे रंग निष्पाप कसा राहील?

आमच्या मते, जनगणनेचे आकडे घेणाऱ्याने खानदेशीस स्वतंत्र रंग द्यावा व अहिराणी, डांगी यांना त्याच्या छटा. अहिराणीस मराठीची बोली मानणाऱ्याने निळी छटा खुशाल द्यावी. मात्र तसे आलेखाखाली लिहावे. छपाई काळ्या शाईची असल्यास छटांच्या उजळपणात पुरेसे अंतर हवे. शिवाय जुलै 1998 मध्ये नंदुरबार वेगळा झाल्याने 1991 व 2001 यांचे ‘धुळे’ एक नव्हे, हे आलेखाच्या शीर्षकातच सांगितले पाहिजे.