अनोखा आधी की अनूप?

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' असे दोन शब्द बारीक अक्षरांत छापलेले असतात. मजकूर तोच ठेवून पुन्हा छापले तर पुनर्मुद्रण, मजकूर बदलला तर नवी आवृत्ती. शेजारी बसलेल्या दोन विद्यार्थ्यांची पुस्तके जुळेनाशी झाली की शिक्षक हेच पान उघडतात. दोन शब्द आणि दोन सने एवढ्यावर उलगडा होतो.

संगणकाच्या प्रणालींबाबत हा उलगडा इतक्या सहज होत नाही. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरी येथील एका शिक्षकांनी आम्हाला विचारले होते की, शाळेतल्या एका संगणकावर 'बॉस'ची 'अनोखा' आवृत्ती आहे आणि दुसऱ्यावर 'अनूप'; यांतली नवी कोणती? प्रश्न साधा होता, पण नावांकडे कितीही वेळ पाहिले तरी उत्तर मिळणार नव्हते. आमची तक्रार नेमकी हीच आहे.

'बॉस' म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स'. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने डेबियन या मुक्त प्रणालीच्या आधारे ती तयार केली आणि २००७ साली प्रथम प्रसृत केली. शाळांसाठी तिचे 'एज्युबॉस' हे रूपही काढले. काम मोलाचे आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण आवृत्त्यांची नावे पाहा. पाचवी अनोखा, सहावी अनूप, सातवी दृष्टी, आठवी उन्नती, नववी ऊर्जा, दहावी प्रज्ञा. प्रत्येक शब्द सुंदर आहे आणि प्रत्येक शब्द कोणत्याही आवृत्तीला सारखाच शोभला असता. अनोखा आणि अनूप यांचा तर अर्थही जवळपास एकच. त्यात गंमत अशी की, बाराखडीत 'नू' आधी आणि 'नो' नंतर, म्हणजे शब्दकोशात अनूप आधी आणि अनोखा नंतर येईल. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. आवृत्तीला आकडा असतोच, असे यावर म्हणता येईल. असतो, पण माणसे बोलताना नाव घेतात, आकडा मागे राहतो. आणि हे केवळ कुतूहल नाही. जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे कधीतरी थांबते, तेव्हा आपल्याकडची आवृत्ती कितवी हे शाळेला माहीत असावेच लागते.

नाव ठेवूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उबुंटू ही प्रणाली पाहा. तिच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे सन आणि महिना. ४.१० म्हणजे २००४ चा ऑक्टोबर, २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल. जोडीला प्राण्यांची नावे आहेत, तीही सुरुवातीची एकदोन सोडली तर इंग्रजी वर्णक्रमाने. अँड्रॉइडनेही मिठायांची नावे वर्णक्रमाने ठेवली होती. २०१९ मध्ये ती सोडून नुसता '१०' हा आकडा घेतला, कारण जगात सगळ्यांनाच ती नावे कळत नव्हती आणि काही भाषांत 'ल' व 'र' हे उच्चार वेगळे ओळखू येत नाहीत. आपल्याकडे तर उच्चारस्थानांनुसार रचलेली वर्णमाला तयार आहे. कमळ, खडक, गरुड, घुबड अशी नावे ठेवली असती तर 'गरुड' ही 'खडक'च्या नंतरची, हे पहिलीतल्या मुलानेही सांगितले असते.

विशेषणांपासून मात्र सावध राहावे. सी-डॅकच्याच महासंगणकांची नावे आधी आकड्यांची होती, १९९१ चा परम ८०००, १९९८ चा परम १००००. मग परम पद्म आला आणि २००८ साली परम युवा. यंत्राचे तारुण्य ते किती वर्षांचे! २०१३ मध्ये 'युवा-२' काढावा लागला. आपणही चाचणीच्या प्रश्नपत्रिकेला 'अंतिम' आणि मग 'अंतिम नवीन' असे नाव देतो, तेव्हा वेगळे काही करत नाही. नावाच्या आरंभी सन, महिना, दिवस या क्रमाने तारीख घातली तर संगणक त्या फायली आपोआप कालक्रमाने लावतो.

नाव चांगले असूनही घोटाळा होतो, त्याचे उदाहरण मराठी शाळांना फार जवळचे आहे. सी-डॅकच्या 'सुरेख' या अक्षरसाच्यात कितीतरी प्रश्नपत्रिका आणि परिपत्रके टंकलिखित झाली. पण 'सुरेख' एक नव्हता. डीव्ही-टीटीसुरेख, डीव्हीबी-टीटीसुरेख, डीव्हीबीडब्ल्यू-टीटीसुरेख असे त्याचे निरनिराळे अवतार होते. डोळ्यांना अक्षर तेच, आतली मांडणी वेगळी. फायलीत अक्षराचे चित्र साठवलेले नसते, फक्त क्रमांक असतो. त्या काळच्या साच्यात एका बाइटचे म्हणजे २५६ खण असत. नुसत्या देवनागरीच्या साच्यात जोडाक्षरे ज्या खणांत ठेवली, त्यांतले बरेच खण द्विभाषी साच्यात रोमन लिपीला द्यावे लागले, म्हणून देवनागरीचे तुकडे दुसरीकडे हलवले गेले. एका साच्यातला क्रमांक दुसऱ्या साच्याने वाचला की निरर्थक चिन्हांची रांग उमटते. आरंभीच्या अक्षरांत हा सगळा भेद लिहिलेला होता, 'बी' म्हणजे द्विभाषी. पण ती अक्षरे ना उच्चारायला सोपी, ना कोणी समजावून सांगितलेली. "सुरेखमध्ये टाइप केले आहे," एवढाच निरोप फायलीबरोबर गेला. जे बोलले गेले ते सर्वांत समान होते आणि जे वेगळे होते तेच गळाले. १९९१ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेला युनिकोड पुढे रुळला, तेव्हा हा गोंधळ आटोक्यात आला. जुन्या फायली मात्र आजही तोच साचा असल्याशिवाय किंवा रूपांतर केल्याशिवाय वाचता येत नाहीत.

याच्या उलट प्रकार ब्राह्मणपुरीच्या पंचक्रोशीत पाहायला मिळेल. शहादा तालुका उसाचा; सातपुडा-तापी परिसर साखर कारखाना तालुक्यातच, पुरुषोत्तमनगरला आहे. उसाच्या वाणाला महाराष्ट्रात 'नीरा' असे गोड नाव दिले, पण शेतकरी म्हणतो ८६०३२. मूळ नाव को ८६०३२. त्यातले 'को' म्हणजे कोइमतूर, ८६ म्हणजे १९८६ साल आणि ०३२ हा अनुक्रमांक. जे वेगळे आहे तेच तोंडी राहिले, म्हणून बेणे विकत घेताना फसगत टळते. ही पद्धतही निर्दोष नाही. कोएम ०२६५ मधले ०२ हे २००२ साल. लोकांनी आणि विद्यापीठानेही 'फुले २६५' केल्यावर शून्य गेले आणि साल व अनुक्रमांक एकमेकांत मिसळले. शून्य राखले तरी आकड्यांच्या क्रमाने ०२६५ हा ८६०३२ च्या आधी लागतो, वाण मात्र सोळा वर्षांनी नंतरचा. सालाचे दोनच अंक घेतल्याचा हा परिणाम.

आकडा दिला की प्रश्न सुटला, असेही म्हणता येत नाही. विंडोजने ३.१ नंतर ९५, ९८, २००० अशी साले घेतली, मग एक्सपी आणि व्हिस्टा ही नावे, मग ७, ८ आणि एकदम १०. नववी झालीच नाही. आणि विंडोज ७ चा प्रणालीच्या आतला आकडा होता ६.१. हे विक्रेत्याच्या सोयीचे नामकरण आहे, वापरणाऱ्याच्या नव्हे.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक गोष्ट राहिली. पायथन या संगणकभाषेची ३.९ ही आवृत्ती २०२० मध्ये आली आणि ३.१० ही २०२१ मध्ये. दशांश अपूर्णांक शिकलेला विद्यार्थी ३.१० ला लहान म्हणेल आणि त्याचे गणित बरोबर असेल. इथला ठिपका दशांशचिन्ह नाही, तो दोन पूर्णांकांमधला दुभाजक आहे. डावीकडचा आकडा बहुधा मोठा बदल दाखवतो, उजवीकडचा लहान, जवळजवळ आवृत्ती आणि पुनर्मुद्रणासारखे. तीन, नऊ आणि तीन, दहा असे वाचायला लावले की वर्गातला गोंधळ मिटतो. ठिपका खरोखरच दशांशचिन्ह असलेले एक उदाहरण आहे. डोनाल्ड नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीत प्रत्येक दुरुस्तीला पायचा एक अंक वाढतो: ३.१, ३.१४, ३.१४१ असे करत २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ वर पोचली. आपल्या पश्चात आकडा π करून दुरुस्त्या थांबवाव्यात, असे नूथ यांनी लिहून ठेवले आहे. तिथे नवी आवृत्ती कोणती, हे अपूर्णांकांच्या नियमाने काढले तरी बरोबर येते.