कारागिरीची किंमत : ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’मधील कौशल्यगुणांच्या वाटपाची समीक्षा

प्रस्तावना

संगणकीय खेळ कथेप्रमाणे वाचावयाचा की नियमांप्रमाणे, हा वाद खेळांच्या अभ्यासात जुना आहे. इयान बोगोस्ट यांनी ‘पर्स्युएसिव्ह गेम्स’ (२००७) या ग्रंथात त्याला एक उपयुक्त वळण दिले. खेळ आपले म्हणणे संवादांतून वा चित्रांतून जितके मांडतो, त्याहून अधिक ते नियमांच्या चलनवलनातून मांडतो. नियम हाच त्याचा युक्तिवाद होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. प्रस्तुत निबंधात ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ या खेळातील एका लहानशा, वरवर पाहता निव्वळ हिशेबी वाटणाऱ्या नियमाचा या दृष्टीने विचार केला आहे. पातळी चढत असताना मिळणारे कौशल्यगुण कारागिरीवर किती आणि केव्हा खर्च करावेत, हा तो प्रश्न. खेळणारे त्याकडे बहुधा सोयीचा प्रश्न म्हणून पाहतात. परंतु हस्तकौशल्य म्हणजे काय, ते कसे येते आणि त्याची किंमत कोणी मोजावयाची, याविषयीचे खेळाचे मत नेमके याच ठिकाणी उघड होते. आणि ते मत त्याच्या रम्य कथाभागाशी फारसे जुळत नाही.

एकच तिजोरी

झेनिमॅक्स ऑनलाइन स्टुडिओज या संस्थेने निर्मिलेला हा खेळ ४ एप्रिल २०१४ रोजी संगणकावर आला. टॅम्रिएल नावाच्या कल्पित खंडात असंख्य खेळाडू एकाच वेळी वावरतात. प्रत्येक जण आपले पात्र घडवतो. ते पात्र लढाया व कामगिऱ्या यांतून अनुभव मिळवीत पहिल्या पातळीपासून पन्नासाव्या पातळीपर्यंत चढते. पातळी चढली की कौशल्यगुण मिळतो. प्रदेशात विखुरलेले आकाशखडे शोधून काढावे, तर तीन खड्यांमागे आणखी एक गुण मिळतो. काही कथानके पूर्ण केल्यानेही मिळतो. हे सर्व गुण एकाच तिजोरीत जमा होतात. तलवार चालविण्याची विद्या याच तिजोरीतून घ्यावयाची आणि तलवार घडविण्याचीही. लोहारकाम, शिवणकाम, सुतारकाम, मंत्रसंस्कार, पाककला आणि औषधिविद्या हे सहा व्यवसाय आरंभापासून होते. २०१८ मध्ये ‘समरसेट’ या भागाबरोबर दागिनेकामाची भर पडली.

येथे रचनाकारांसमोर दुसरा मार्ग नव्हता असे नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (२००४) या खेळातही कारागिरीवर मर्यादा आहे, पण तिचे स्वरूप निराळे : एका पात्राला दोनच मुख्य व्यवसाय धरता येतात, मात्र त्यांपायी लढाईच्या विद्येतून काही वजा होत नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’ने व्यवसायांच्या संख्येवर बंधन घातले नाही, किंमत मात्र लावली. एकट्या लोहारकामाची ओळ पुरी करावयाची तर वीसहून अधिक गुण लागतात. त्यांतील धातुकामाच्याच दहा पायऱ्या आहेत. लोखंडापासून पोलादाकडे आणि तेथून रुबेडाइट या शेवटच्या काल्पनिक धातूपर्यंत त्या जातात. शिवणकाम व सुतारकाम यांची रचना अशीच आहे. केवळ पातळ्या चढून मिळणारे गुण या तीन व्यवसायांनाही पुरत नाहीत. मग लढाईची विद्या दूरच राहिली. अशा स्थितीत जो नवखा खेळाडू घडवण्याच्या हौसेने पहिले दहा गुण भट्टीवर खर्च करतो, तो पुढच्याच गुहेत दुबळा ठरतो. कारागिरी ही जगण्यातून केलेली वजाबाकी आहे, असे नियम त्याला सांगतो. या नियमात एक प्रामाणिकपणा आहे, हे मान्य केले पाहिजे. खऱ्या आयुष्यातही कौशल्यास लागणारा वेळ कोठून तरी काढावाच लागतो. (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनंतर ज्यांनी अध्यापन, संशोधन व प्रशासन यांच्या गुणांची कोष्टके भरली, त्या प्राध्यापकवर्गास हे अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.)

परंतु हा प्रामाणिकपणा अर्ध्यावरच थांबतो. चढणीच्या काळात जे घडवावे ते लवकरच निरुपयोगी होते. लोखंडी वस्तू चौदाव्या पातळीपर्यंतच्या. सोळाव्यापासून पोलाद, सव्विसाव्यापासून पुढचा धातू. ऑक्टोबर २०१६ मधील ‘वन टॅम्रिएल’ या फेररचनेनंतर सर्व प्रदेश कोणत्याही पातळीच्या पात्रास खुले झाले, पण अंगावरचे चिलखत मागे पडण्याची ही गती तशीच राहिली. शिवाय खाणीत कोणती धातू सापडावी, याचा नियम मोठा चमत्कारिक आहे. सापडणाऱ्या मालापैकी सुमारे निम्मा पात्राच्या पातळीनुसार असतो आणि निम्मा धातुकामाच्या पायरीनुसार. याचा परिणाम असा की ज्याने घाईने वरच्या पायऱ्या विकत घेतल्या, त्याला स्वतःला वापरता न येणारी धातू मिळू लागते. ज्याने काहीच खर्चले नाही, तो पन्नासाव्या पातळीस पोचूनही अर्धे लोखंडच खणत राहतो. एका टोकाला अकाली विद्वत्ता, दुसऱ्या टोकाला कायमची उमेदवारी. पात्राच्या पातळीबरोबर एकेक पायरी चढावी हा मध्यममार्ग वाटतो खरा. पण त्यात जे घडते ते दहा पातळ्यांत टाकाऊ होते, आणि जवळपास तितक्याच दर्जाची वस्तू शत्रूच्या अंगावरून फुकट मिळते. म्हणून जाणती माणसे नवख्यांना धातुकामाच्या पायऱ्या पुढे ढकलण्याचा सल्ला देतात. तो सल्ला हिशेबाने अचूक आहे, आणि म्हणूनच तो रचनेवरील सर्वांत कठोर अभिप्राय आहे. घडवणे शिकण्याच्या वयात घडवू नये, असेच तो सांगतो.

मोडण्याची विद्या

मग शिकावयाचे काय? याचे उत्तर कौशल्यगुणांत नाही, काळात आहे. प्रत्येक वस्तुप्रकारास नऊ गुणधर्म असतात. कोणता शस्त्राची धार वाढवितो, कोणता अनुभव अधिक मिळवून देतो. तो गुणधर्म आपल्या हातच्या वस्तूत उतरवावयाचा तर आधी त्याचे ‘संशोधन’ करावे लागते, आणि संशोधनाची रीत अशी की तो गुणधर्म असलेली एक वस्तू भट्टीवर ठेवून नष्ट करावयाची. पहिल्या संशोधनास सहा तास लागतात, दुसऱ्यास बारा, तिसऱ्यास चोवीस. दर वेळी दुप्पट. सूट न धरता नववा गुणधर्म चौसष्ट दिवसांनी येतो. एका वस्तुप्रकाराचे नऊही गुणधर्म शिकण्यास सुमारे १२८ दिवस होतात, आणि लोहारकामात असे चौदा वस्तुप्रकार आहेत. हे दिवस खेळातले नव्हेत, भिंतीवरच्या दिनदर्शिकेतले आहेत. गुण आज न खर्चता उद्या खर्चता येतो. न वापरलेला दिवस मात्र परत येत नाही. म्हणून चढणीच्या काळात कारागिरीवर खर्च करण्याजोगे गुण खरे तर मोजकेच : एका वेळी एकाऐवजी दोन, पुढे तीन वस्तूंचे संशोधन चालू ठेवणारी धातुविद्येची पायरी, आणि झालेच तर रोज टपालाने कच्चा माल धाडणाऱ्या मजुराची. खेळाच्या या भागाविषयी आजवर दिल्या गेलेल्या सल्ल्यांत हाच सर्वांत टिकाऊ आहे, कारण तो चवीवर नव्हे, गणितावर उभा आहे.

याच ठिकाणी समीक्षेस थांबावे लागते. रिचर्ड सेनेट यांनी ‘द क्राफ्ट्समन’ (२००८) या ग्रंथात कारागिरीचा जो विचार मांडला, त्याच्या केंद्रस्थानी हात आणि द्रव्य यांचा दीर्घ संवाद आहे. पुनरावृत्तीतून हात शहाणा होतो, द्रव्याच्या विरोधातून बुद्धी, आणि काम चांगले व्हावे ही इच्छा त्या कामातच तृप्त होते. ‘एल्डर स्क्रोल्स’च्या भट्टीवर या तिन्हींपैकी काहीच नाही. वस्तू घडवताना ती कधी बिघडत नाही. दर्जा उंचावताना ती नष्ट होण्याची जोखीम असते, पण पुरेसे संस्कारद्रव्य ओतले की तीही उरत नाही. गुण खर्चले असतील तर द्रव्य कमी लागते, एवढेच. व्यवसायाची ओळ ज्या ‘प्रेरणे’मुळे वर चढते, तीही वस्तू घडवण्यापेक्षा मोडण्यातून अधिक मिळते. रणांगणावरून आणलेल्या तलवारींचा ढीग वितळवणारा हा या जगातील आदर्श शिकाऊ लोहार. त्याने एकही तलवार घडवलेली नसली तरी चालते. आणि त्याचे संशोधन तो झोपलेला असताना चालते. गुरू नाही, चूक नाही, सराव नाही. मोडतोड, घड्याळ आणि गुण एवढेच आहे.

मोडून शिकणे यास एक वेगळी प्रतिष्ठा आहे, हे येथे नोंदविणे न्याय्य ठरेल. घड्याळ उघडून पाहणारा मुलगाही मोडूनच शिकतो. पण तो ते पुन्हा जोडू पाहतो, आणि त्याचे शिक्षण त्या फसलेल्या जोडणीत असते. खेळाने जोडणीचा तो प्रयत्नच गाळला आहे.

दुसरे पात्र

या व्यवस्थेतून खेळाडूंनी स्वतःच काढलेली एक पळवाट विशेष बोलकी आहे. कौशल्यगुण आणि व्यवसाय प्रत्येक पात्राचे स्वतंत्र असतात. तेव्हा अनेक जण दुसरे एक पात्र निर्माण करतात, त्याचे सारे गुण कारागिरीवर वेचतात आणि त्याला नगरातच ठेवून देतात. पहिले पात्र लढते, कीर्ती मिळविते, लूट आणते. दुसरे भट्टीपाशी उभे राहून ती लूट मोडते आणि पहिल्यासाठी चिलखत घडविते. त्याच्या वाट्याला कथा येत नाही. ज्या खेळाने श्रमविभाग नाकारून प्रत्येकास सर्व काही होण्याचे स्वातंत्र्य दिले, त्यातच एका माणसाच्या पोटी एक नायक आणि एक राबणारा अशी विभागणी झाली, आणि ती कोणी लादलेली नाही.

याउलट उदाहरण उपलब्ध आहे. जून २००३ मध्ये आलेल्या ‘स्टार वॉर्स गॅलेक्सीज’ या खेळात, रॅफ कोस्टर यांच्या सर्जनशील दिग्दर्शनाखाली, पात्रास एकूण २५० कौशल्यगुणांची कायम मर्यादा होती. शस्त्रकार व्हावयाचे तर योद्धेपण बरेचसे सोडावे लागे. परंतु वस्तू वापराने झिजत, खनिजांचे गुण बदलत राहत, आणि म्हणून योद्ध्यास शस्त्रकाराकडे पुन्हा पुन्हा यावे लागे. गुणांचा त्याग तेथेही होता. त्याच्या बदल्यात मात्र गिऱ्हाईक, दुकान आणि नाव मिळत असे. नोव्हेंबर २००५ मधील फेररचनेने चौतीस व्यवसायांचे नऊ केले, आणि १५ डिसेंबर २०११ रोजी तो खेळ बंद झाला. त्याच्या अंतास अनेक कारणे होती. त्यावरून त्याची मूळ कल्पना चुकीची ठरत नाही. ‘एल्डर स्क्रोल्स’मध्ये टंचाई केवळ चढणीपुरती असते. पुढे आकाशखडे व कथानके यांतून गुण साठत जातात आणि धीर धरणारा प्रत्येक जण सर्व व्यवसायांत पारंगत होऊ शकतो. तेव्हा चढणीतील निवड ही खरी निवड नसून केवळ क्रम ठरतो, आणि शेवटी कोणालाच कोणाच्या हाताची गरज उरत नाही. पाचशे सभासदांचे संघ आहेत, त्यांची दुकानेही आहेत. पण तेथे जावे लागते ते कंटाळा टाळण्यासाठी, असमर्थतेमुळे नव्हे.

उरलेली टंचाई कोठे गेली, हे पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. मार्च २०१५ मध्ये खेळाची अनिवार्य मासिक वर्गणी रद्द झाली. २०१६ मध्ये कारागिरीच्या मालासाठी अमर्याद थैली आली, ती ऐच्छिक वर्गणी भरणाऱ्यांनाच. संशोधनाचा काळ कमी करणारे लेखपटही पैसे देऊन घेता येऊ लागले. अनेक व्यवसायांचा कच्चा माल, प्रत्येकाचे निरनिराळे थर, आणि मर्यादित झोळी अशी स्थिती असताना, वर्गणी न भरणाऱ्या नवख्या खेळाडूस कोणता गुण कोठे खर्चावा यापेक्षा कोणते लोखंड फेकून द्यावे हाच प्रश्न आधी पडतो. त्याने चढणीच्या काळात एकच व्यवसाय हाती धरावा, त्यातही आधी संशोधनाच्या पायऱ्या घ्याव्या आणि बाकीच्या भट्ट्यांकडे पन्नासाव्या पातळीनंतरच वळावे, हा सल्ला त्यामुळे रचनेच्या तर्कापेक्षा झोळीच्या आकारावरून अधिक ठरतो.