पणजीच्या चर्चवरची पाहुणी घंटा

पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चवरचे मराठी लेखन मी हौसेने जमवत आलो आहे. त्यातले बहुतेक 1541 सालापाशी सुरू होते आणि तिथेच रेंगाळते. त्या साली इथे छोटे चॅपल होते, लिस्बनहून आलेले खलाशी सुखरूप पोचल्याबद्दल तिथे आभार मानत, वगैरे. पण आज दिसणारी वास्तू 1541ची नव्हे. चॅपलच्या जागी मोठे चर्च उभे राहिले ते 1619 साली, आणि दर्शनी भागाच्या माथ्यावरचे घंटाघर तर 1871चे. माझ्या मते ही वास्तू वरून खाली वाचावी, घंटेपासून.

ही घंटा मूळची पणजीची नाही. ती जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन संन्याशांच्या चर्चची. पोर्तुगालमधल्या उदारमतवादी सरकारने 1834 साली पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले आणि 1835मध्ये तो हुकूम गोव्यात अमलात आला. मठ ओस पडला. घंटा आग्वादच्या किल्ल्यावर नेली गेली. 1842मध्ये चर्चचे कमानी छत कोसळले, आणि पुढच्याच वर्षी पणजी अधिकृत राजधानी झाली. जुने शहर मोडून नवे सजत होते, असेच म्हणायला हवे. 1871 साली घंटा पणजीच्या चर्चवर चढली. से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेखालोखाल गोव्यातली ती सर्वांत मोठी. मूळ चर्चचा दर्शनी भाग 1931मध्ये पडला. आता जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा तेवढा उभा आहे.

घंटांच्या बाबतीत आपण मराठी माणसे तशी हळवीच. 1739मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, तिथल्या चर्चमधल्या घंटा देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा वसईचीच सांगतात. तिच्या नादात आपल्याला विजय ऐकू येतो, आणि पणजीच्या घंटेत पोर्तुगीज वैभव. वास्तविक पणजीची घंटा सांगते ते निराळेच: कॅथलिक देशाच्या सरकारनेच कॅथलिक मठ मोडला. ‘पोर्तुगीज म्हणजे धर्मवेडे’ या आपल्या ठरीव मांडणीत हे बसत नाही, म्हणूनच बहुधा ते गाळले जाते. इन्क्विझिशनचा जुलूम यामुळे रतिभरही कमी ठरत नाही. पण इन्क्विझिशन 1812मध्ये संपले. घंटा चढवणारे गोवे त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी येते. या दोन गोव्यांना एकाच वाक्यात कोंबणाऱ्या लेखनाला मी संशोधन म्हणणार नाही. (पर्यटन पुस्तिकांना क्षमा आहे, त्यांना फक्त पायऱ्यांचा फोटो हवा असतो.)

8 डिसेंबरच्या फेस्ताला पणजीत जाणाऱ्यांनी सकाळी आधी जुन्या गोव्यातला तो अर्धा मनोरा पाहावा. तिथे वर, जिथे घंटा असायची, तिथे आता आभाळ दिसते.