दोन वाचक, एक वर्गीकरण

राजकीय लेखाचा अर्थ लावण्यापूर्वीच त्याचा वर्ग ठरवून टाकण्याची सवय सरकारी वकिलांनाच असते, असे नाही. ती अभ्यासकांसही जडते. १९०८ साली ‘केसरी’तील ज्या दोन लेखांवरून लोकमान्य टिळकांस सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा झाली, त्यांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

‘देशाचे दुर्दैव’ हा लेख १२ मे रोजी, मुझफ्फरपूर येथील बॉम्बस्फोटात दोन स्त्रिया मृत्युमुखी पडल्यानंतर प्रसिद्ध झाला. ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा ९ जूनचा. स्फोटक द्रव्ये व वृत्तपत्रे यांवरील निर्बंधांचे दोन कायदे ८ जूनलाच संमत झाले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे शीर्षकातील ‘हे’ कोठे रोखलेले आहे ते कळते. बॉम्ब म्हणजे कारखाना नव्हे, तो मंत्रतंत्रासारखा घरोघर सिद्ध होऊ शकतो, या आशयाचे विधान या दुसऱ्या लेखात आहे. युक्तिवादाच्या ओघात ते केवळ एक आधारविधान आहे. त्यावरून काढलेले अनुमान असे की, निर्बंधाने ही विद्या थांबणार नाही, लोकांस राजकीय हक्क दिले तरच थांबेल. फिर्यादी पक्षाने अनुमान सोडले आणि उपमा धरली.

आता स्वातंत्र्योत्तर गौरवपर लेखन पाहावे. तेथेही उपमाच उद्धृत होते. स्फोटाचा निषेध करणारी वाक्ये ‘कायद्याच्या भीतीने घातलेली’ म्हणून बाजूस सारली जातात. न्यायालयाने ज्यास दोष म्हटले त्यास भक्ताने गुण म्हटले, एवढाच फरक, वाचन तेच! निषेधाची वाक्ये वरपांगी आहेत, हा सिद्धान्त दोघांनीही सिद्ध न करताच गृहीत धरला. अर्थात, त्या उपमेत कौतुकाची छटा मुळीच नाही, असे प्रस्तुत लेखकास म्हणवत नाही. परंतु छटा म्हणजे प्रतिपाद्य नव्हे.

भाषांतराचा प्रश्न याहून निराळा. खास ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्यांचे बहुमत होईल, अशी हरकत टिळकांच्या बाजूने घेतली गेली. ती फेटाळली गेली आणि दोषाचा निर्णय सात विरुद्ध दोन मतांनी झाला. या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मराठी उत्तम जाणणाऱ्यांनीही तेच वाचन का केले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या प्रबंधांतून ‘जहाल’, ‘मवाळ’ ही लेबले लेखकास एकदा लावली की त्याच्या प्रत्येक लेखास आपोआप चिकटतात. टिळकांनी स्वतः न्यायालयात इंग्रजी वृत्तपत्रांतील उतारे सादर करून आपले लेख हे एका चालू वादातील उत्तर आहे, असे प्रतिपादिले होते. त्या उताऱ्यांशेजारी ठेवून हे लेख वाचले, तर कोणता परिच्छेद कोणास उद्देशून आहे ते उलगडत जाते. आणि काही ठिकाणी त्यांचा बचाव दुबळा होता, हेही दिसते.