सत्तर लाख मुलं गेली कुठे?

ब्राझीलमध्ये रस्त्यावर राहणारी मुलं किती, असं १९९०च्या आसपास कुणाला विचारलं असतं तर बहुधा एकच उत्तर मिळालं असतं: सत्तर लाख. वर्तमानपत्रं हाच आकडा छापायची, मदत गोळा करणारेही हाच सांगायचे. आता कागद-पेन घ्या. १९९१च्या जनगणनेत ब्राझीलची लोकसंख्या सुमारे १४ कोटी ७० लाख होती. म्हणजे दर एकवीस माणसांमागे एक मूल रस्त्यावर. या हिशेबाने साधारण ९६ लाख वस्तीच्या साओ पाउलो शहरात साडेचार लाख मुलं फुटपाथवर दिसायला हवीत. १९९३मध्ये तिथे खरोखर डोकी मोजली, तेव्हा दिवसा सापडली ४,५२० आणि रात्री रस्त्यावर झोपलेली ८९५.

बेरीज-वजाबाकी चुकून शंभरपट-पाचशेपट फरक पडत नाही. गोंधळ 'रस्त्यावरचं मूल' या शब्दात होता. सिग्नलला शेंगदाणे विकून संध्याकाळी आईकडे परतणारं मूल आणि तिथेच पुठ्ठा अंथरून झोपणारं मूल, दोघंही एकाच खान्यात टाकली की आकडा फुगणारच.

टोबायस हेक्ट या मानववंशशास्त्रज्ञाचं 'अ‍ॅट होम इन द स्ट्रीट' (केम्ब्रिज, १९९८) मी या गोंधळासाठी वाचायला घेतलं. पुस्तक ईशान्य ब्राझीलमधल्या रेसिफे शहराबद्दल आहे. माझा विषय पक्ष्यांची गणना, त्यामुळे मी आकड्यांच्याच आशेने गेलो होतो. पण अडकून पडलो वेगळ्याच जागी.

हेक्टने आधी आपल्यासारखंच केलं, प्रश्न तयार करून मुलांना विचारले. उत्तरं मिळाली ती ठरावीक, संस्थेच्या ताईंना द्यायची सवय असलेली. मग टेपरेकॉर्डर मुलांच्याच हातात गेला आणि ती एकमेकांच्या मुलाखती घेऊ लागली. आपल्याला सुचलेच नसते असे प्रश्न ती विचारतात, खोटं बोलणाऱ्याला तिथल्या तिथे पकडतात. प्रश्नावलीचा पहिला खर्डा घेऊन बसला असाल तर हा भाग दोनदा वाचा.

यातूनच पुस्तकाचं मुख्य म्हणणं उभं राहतं. श्रीमंत घरात मूल पोसलं जातं, गरीब वस्तीत मूल घर पोसतं. कमावलेले पैसे आईच्या हातात ठेवणं हा तिथे बालपणाचा अभिमानाचा भाग आहे. रस्त्यावर राहायला गेलेलं मूल ते पैसे स्वतःवर खर्च करतं आणि आईचा विषय निघाला की ओशाळतं. म्हणजे त्या मुलाच्या लेखी घर सुटणं हा फक्त निवाऱ्याचा प्रश्न नाही. 'मुलाला घरी पोचवलं, काम झालं' असं मानणारी योजना का फसते, ते इथे कळतं. मुलं संस्थेत येतात, आंघोळ करतात, जेवतात आणि पुन्हा रस्त्यावर जातात. आणि झोपडपट्टीत घरीच उपाशी असलेल्या, संख्येने कितीतरी जास्त मुलांकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ती 'रस्त्यावरची' नाहीत.

हे पटतं. पण माझ्या दोन तक्रारी आहेत.

पहिली मोजणीची. फुगलेल्या आकड्याला उत्तर म्हणून हेक्ट प्रत्यक्ष मोजण्या पुढे करतो. त्या मोजणीच्या चुकांवर त्याने अजून बोलायला हवं होतं. पक्षी मोजताना आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की दिसले तेवढेच असतात असं नाही. जुलै १९९३मध्ये रिओत कँडेलारिया चर्चजवळ झोपलेल्या मुलांवर गोळीबार होऊन आठ जण मारले गेले. अशा देशात मूल रात्री कुणाच्या टॉर्चसमोर का येईल? तेव्हा ८९५ हा आकडा किमान समजा. नेमका म्हणून वापरू नका. याला एक उपाय आहे: एकदा नोंद झालेल्यांपैकी दुसऱ्या फेरीत किती जण पुन्हा सापडतात, त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. ब्राझीलच्याच अराकाजू शहरात रस्त्यावरच्या मुलांसाठी हे केलं गेलं, त्याचा पेपर २००४चा आहे. पण पक्ष्याच्या पायातली रिंग टिकते. मूल दुसऱ्यांदा वेगळंच नाव सांगतं, मध्येच गाडीत बसून दुसऱ्या शहरात जातं. पद्धतीची गृहीतकं तपासायची ती इथे.

दुसरी तक्रार जास्त अवघड आहे. मुलांकडे 'वाचवायची वस्तू' म्हणून बघू नका, असं हेक्ट म्हणतो. मान्य. पण रात्री एक वाजता गोंद हुंगून पडलेल्या दहा वर्षांच्या पोराजवळ उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने काय करायचं? तिथे पुस्तक हात वर करतं. संशोधकाने उपाय दिलाच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. पण दुसऱ्यांच्या उपायांवर इतकं मार्मिक लिहिल्यावर थोडी जबाबदारी येते, नाही का?

'ब्राझीलचं आपल्याला काय' असं वाटत असेल तर मुंबईकडे बघा. टाटा समाजविज्ञान संस्था आणि अ‍ॅक्शनएड यांनी केलेल्या, २०१३मध्ये आलेल्या गणनेत मुंबईत ३७,०५९ मुलं नोंदली गेली. त्यातली ६५ टक्क्यांच्या आसपास आपल्या कुटुंबासोबतच रस्त्यावर राहत होती. २०१५च्या बाल न्याय कायद्यात मात्र रस्त्यावर राहणारं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं' ठरू शकतं, मग आई शेजारीच चूल पेटवून बसलेली का असेना. त्या मुलाला बालगृह हवं की त्याच्या कुटुंबाला छप्पर? तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'रस्त्यावरील मुले' असं लिहिलं असेल तर व्याख्येच्या परिच्छेदात याचं उत्तर काय दिलंय, ते आजच काढून बघा. माझ्या एका मैत्रिणीच्या सिनॉप्सिसमध्ये तो परिच्छेदच नव्हता. गाईडनेही विचारलं नाही, विचारलं ते थेट फुटपाथवरच्या एका बाईने: "आमचं पोर कुठल्या यादीत लिहिताय?"