गाळलेली अट: रामानुजन यांच्या −१/१२ चा मोबाइलवरचा प्रवास

१ + २ + ३ + ४ + … = −१/१२

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांनी हे समीकरण वर्गात येण्याआधीच मोबाइलवर पाहिलेले असते. वर रामानुजन यांचे छायाचित्र, खाली हे समीकरण आणि सगळ्या धन संख्यांची बेरीज ऋण असल्याचे एका भारतीयाने सिद्ध केले, अशा अर्थाची एक ओळ. पाहणाऱ्याला आश्चर्य वाटते, थोडा अभिमान वाटतो आणि तो ते पुढे पाठवतो.

या टिपणात आपण या समीकरणाच्या प्रवासाची समीक्षा करणार आहोत. ‘हे खरे की खोटे?’ एवढाच प्रश्न विचारला तर हाती फारसे काही लागत नाही. त्याऐवजी असे विचारू: हा तुकडा कुठून कापला, आणि कापताना मागे काय राहिले? मागे राहिली ती एक अट. अट गळल्यामुळेच समीकरण इतके पसरले, आणि अट गळल्यामुळेच ते निरर्थक झाले.

१. पत्रात काय होते

रामानुजन यांचे बालपण आणि शिक्षण कुंभकोणम येथे झाले. सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरचे त्यांचे घर आजही स्मारक म्हणून जपलेले आहे. जवळच्या साक्कोट्टैत गणित शिकवताना त्यांचे नाव टाळता येत नाही, आणि त्यांच्या नावाने फिरणारे तुकडेही टाळता येत नाहीत.

१९१३ मध्ये रामानुजन मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. १६ जानेवारीला त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पहिले पत्र लिहिले. हार्डी यांनी उत्तरात सिद्धता मागितल्या. २७ फेब्रुवारीच्या दुसऱ्या पत्रात रामानुजन यांनी आपली अडचण सांगितली: माझ्या सिद्धांतानुसार या अनंत मालिकेची बेरीज −१/१२ येते, असे एकदम सांगितले तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल.

हे पत्र लक्षपूर्वक वाचले तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, ‘माझ्या सिद्धांतानुसार’ ही अट त्यांनी स्वतः घातली आहे. दुसरी, अटीशिवाय हे विधान वेडेपणाचे वाटेल, याची त्यांना पूर्ण जाणीव आहे. म्हणजे शंभर वर्षांनंतर होणाऱ्या गैरसमजाचा इशारा मूळ पत्रातच दिलेला होता. फिरणाऱ्या चित्रात समीकरण राहिले. अट आणि इशारा दोन्ही गेले.

२. आठ मिनिटांत काय गळले

या समीकरणाची ऑनलाइन लाट उसळली ती जानेवारी २०१४ मध्ये. ‘नंबरफाइल’ या यूट्यूब वाहिनीवर नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या टोनी पडिला आणि एड कोपलंड या भौतिकशास्त्रज्ञांचा सुमारे आठ मिनिटांचा व्हिडिओ आला. त्यातील युक्तिवाद असा:

अ = १ − १ + १ − १ + … . कुठेही थांबलो तर बेरीज १ किंवा ० येते, म्हणून सरासरी घेऊन अ = १/२.

ब = १ − २ + ३ − ४ + … . ही मालिका एक घर सरकवून स्वतःत मिळवली की अ मिळते. म्हणून २ब = १/२, ब = १/४.

स = १ + २ + ३ + ४ + … . आता स − ब = ४ + ८ + १२ + … = ४स. म्हणून −३स = १/४ आणि स = −१/१२.

शाळेच्या बीजगणितापलीकडे यात काहीच नाही. पाहणाऱ्याला वाटते, ‘मला समजले!’ येथेच व्हिडिओचे यश आहे आणि येथेच त्याचा दोषही आहे. ‘बेरीज’ या शब्दाचा नेहमीचा अर्थ बदलून आपण दुसराच अर्थ वापरतो आहोत, हे पाहणाऱ्याला स्पष्टपणे सांगितले जात नाही.

न्यायाने हेही नोंदवले पाहिजे की त्याच सुमारास झीटा फलनाचा आधार घेणारा दुसरा, लांब व्हिडिओही त्यांनी दिला होता. संदर्भ उपलब्ध होता, पण लाट त्यावर उसळली नाही. पुढे २०१८ मध्ये ‘मॅथॉलॉजर’ या वाहिनीवर बुर्कार्ड पोल्स्टर यांनी या सिद्धतेचे सविस्तर खंडन केले. तेही लांब होते. आठ मिनिटांचे पुढे अर्धे मिनिट झाले, अर्ध्या मिनिटाचे एक चित्र झाले, आणि प्रत्येक पायरीवर स्पष्टीकरण कमी होत गेले.

असे का होते? अट घातली की विधानातले आश्चर्य कमी होते, आणि तुकडा पुढे जातो तो आश्चर्याच्या बळावर. ‘एका विशिष्ट अर्थाने, अपसारी मालिकेला जोडलेली संख्या −१/१२ आहे’ हे वाक्य कुणी कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणार नाही. त्यामुळे अट कुणी दुष्टपणे काढली असे समजण्याची गरज नाही. पुढे पाठवणारा प्रत्येक जण थोडे थोडे सोपे करतो, आणि सगळ्यात आधी अटच गळते.

३. युक्ती तपासून पाहू

‘सरकवा आणि वजा करा’ ही युक्ती बिनशर्त मान्य केली तर काय होते?

स = १ + २ + ३ + ४ + …
स = ० + १ + २ + ३ + …

दुसरी ओळ म्हणजे एक घर सरकवलेली तीच मालिका. वजा करा: ० = १ + १ + १ + १ + … . आता ही नवी मालिकाही एक घर सरकवून स्वतःतून वजा करा. उजवीकडे फक्त १ उरतो, डावीकडे ० − ० = ०. म्हणजे ० = १.

ज्या युक्तीने −१/१२ मिळाले तिनेच ० = १ मिळते. उत्तर प्रसिद्ध आहे म्हणून रीत बरोबर ठरत नाही. १, ३, ६, १०, १५ अशा आंशिक बेरजा वाढतच जातात. नेहमीच्या अर्थाने ही मालिका अपसारी, म्हणजे डायव्हर्जंट आहे. परीक्षेत हेच लिहायचे, आणि ते बरोबरच आहे.

४. मग −१/१२ कुठून येते?

रामानुजन यांनी ऑयलर–मॅक्लॉरिन सूत्राच्या आधारे प्रत्येक मालिकेला एक स्थिरांक जोडला. आपल्या वहीत ते त्याची तुलना वस्तूच्या गुरुत्वमध्याशी करतात. ही उपमा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जरूर लक्षात ठेवावी. लोखंडी कड्याचा गुरुत्वमध्य कड्याच्या लोखंडात कुठेच नसतो, मधल्या पोकळीत असतो; तरी तो त्या कड्याचाच असतो. तसेच −१/१२ आंशिक बेरजांमध्ये कुठेही सापडत नाही, तरी तो या मालिकेचाच स्थिरांक आहे.

हे संगणकावर पाहता येते. मालिकेच्या न-व्या पदाला ई चा −न×ल हा घात गुणा. येथे ई म्हणजे २.७१८…, आणि ल ही छोटी धन संख्या. या घटीमुळे मालिका अभिसारी होते आणि तिची खरी बेरीज काढता येते.

ल = ०.१ घेतले तर बेरीज सुमारे ९९.९१६७१ येते. १/ल² आहे १००. फरक −०.०८३२९.
ल = ०.०१ घेतले तर बेरीज सुमारे ९९९९.९१६६७ येते. १/ल² आहे १००००. फरक −०.०८३३३.

ल शून्याकडे नेला की १/ल² अनंताकडे जातो आणि उरलेला फरक −१/१२ कडे. म्हणजे पूर्ण विधानात दोन भाग आहेत: एक अनंत वाढणारा आणि एक स्थिर. फिरणाऱ्या तुकड्यात फक्त दुसरा भाग आहे. कापताना जे टाकून दिले ते अक्षरशः अनंत मोठे होते.

झीटा फलनाची गोष्टही अशीच. १/१ˢ + १/२ˢ + १/३ˢ + … ही मालिका स चा वास्तव भाग १ पेक्षा मोठा असतानाच झीटा फलन देते. फलनाचा पुढे विस्तार केल्यावर −१ या बिंदूवर त्याची किंमत −१/१२ येते. किंमत विस्तारित फलनाची आहे. त्या बिंदूवर मालिका फलनाबरोबर राहिलेलीच नसते.

५. हे आपल्या विषयात कुठे नडते

आठ बिटांचा ११११११११ हा आकडा घ्या. अचिन्हांकित अर्थाने तो २५५, दोनच्या पूरक पद्धतीने −१. ‘२५५ म्हणजेच −१’ असे चित्र कुणी फिरवले तर ते खोटेही नाही आणि खरेही नाही. कोणती पद्धत वापरली हे सांगितल्याशिवाय ते विधानच पूर्ण होत नाही.

सिग्नल्सच्या अभ्यासक्रमात याची किंमत आणखी स्पष्ट होते. झेड रूपांतराचे झ/(झ − २) हे सूत्र दोन वेगवेगळ्या संकेतांचे असू शकते. झ चे मापांक २ पेक्षा मोठे असेल तर उजवीकडे दुप्पट होत जाणारा संकेत. २ पेक्षा लहान असेल तर डावीकडे पसरलेला, विरत जाणारा संकेत. फरक फक्त अभिसरण क्षेत्राचा. ती एक ओळ लिहायला विसरलेल्या विद्यार्थ्याला वाटते की एक गुण गेला. खरे तर कोणता संकेत, आणि स्थिर की अस्थिर, हेच गेले.

अटीशिवायचा तुकडा विद्यार्थ्याला दोन चुकीचे धडे देतो. एकाला वाटते, गणितात काहीही चालते. दुसऱ्याला वाटते, रामानुजन काहीतरी जादू करत. दोघेही मेहनतीपासून दूर जातात.

जादूचा हा समज १७२९ च्या किश्श्यानेही पोसला आहे. आजारी रामानुजन यांना भेटायला हार्डी टॅक्सीने पटनी येथे गेले. टॅक्सीचा क्रमांक १७२९ नीरस असल्याचे म्हणाले. रामानुजन यांनी लगेच सांगितले की दोन धन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे: १२³ + १³ आणि १०³ + ९³. किस्सा हार्डी यांनीच सांगितलेला आहे. पण रामानुजन यांच्या कागदांत घनांच्या अशा समीकरणांवर केलेले काम सापडते, आणि त्यात हीच संख्या येते. उत्तर क्षणात आले, त्यामागचे काम क्षणाचे नव्हते. किश्श्यात तो क्षण राहिला, काम गळले.

६. एक आक्षेप

कुणी म्हणेल, रामानुजन स्वतः तुकड्यांवरच वाढले. जी. एस. कार यांच्या ज्या पुस्तकाने त्यांना गणिताकडे ओढले त्यात हजारो निष्कर्ष होते आणि सिद्धता बहुधा त्रोटक किंवा नव्हत्याच. त्यांच्या वह्यांतही निष्कर्षच जास्त. मग तुकड्यांना नावे का ठेवायची?

आक्षेप महत्त्वाचा आहे. पण कार यांचे निष्कर्ष रामानुजन यांनी नुसते पुढे पाठवले नाहीत. पाटीवर स्वतः पुन्हा काढले, पुसले, पुन्हा काढले. तुकडा त्यांच्यासाठी कामाची सुरुवात होता. आणि त्यांच्या वह्यांतील निष्कर्षांना संदर्भ परत मिळवून देण्याचे काम ब्रूस बर्न्ट यांनी १९८५ ते १९९८ या काळात पाच खंडांत प्रसिद्ध केले. एका माणसाच्या वह्यांत गाळलेल्या जागा भरायला एवढे श्रम लागले. पुढे पाठवायला एक बोट पुरते.

७. गणिताबाहेर

सवय एकाच विषयापुरती राहत नाही. मार्च २०२३ मध्ये तमिळनाडूत बिहारी कामगारांवर हल्ले होत असल्याचे सांगणारे व्हिडिओ देशभर पसरले. राज्याचे पोलीस महासंचालक सी. शैलेंद्र बाबू यांनी खुलासा केला की त्यांतील दोन व्हिडिओ तिरुप्पूर आणि कोइंबतूर येथील आधीच्या घटनांचे होते. एकात स्थलांतरित कामगारांचेच दोन गट भांडत होते, दुसऱ्यात स्थानिक लोक. चित्रातली मारामारी खरी होती. कोण, कुठे आणि केव्हा हे गळले होते, आणि त्या रिकाम्या जागी भीती भरली गेली. बिहार सरकारला चौकशीसाठी पथक पाठवावे लागले. −१/१२ मुळे कुणाच्या जिवाला धोका नाही, म्हणूनच सरावासाठी ते चांगले उदाहरण आहे. येथे अट शोधायची सवय लागली तर तेथे ती उपयोगी पडेल.

कोणताही तुकडा हाती आला की तीन गोष्टी लिहून पाहा. यातील मुख्य शब्द नेहमीच्याच अर्थाने वापरला आहे का? हे विधान कोणत्या अटीखाली खरे आहे? ती अट मूळ ठिकाणी कुणी लिहिली होती का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा ‘होय’ येते. रामानुजन यांनी लिहिली होती.

सराव

१. १ + २ + ४ + ८ + … ही मालिका एक घर सरकवून वजा केली तर −१ मिळते. हे उत्तर आठ बिटांच्या ११११११११ शी कसे जुळते, आणि दोन्ही ठिकाणी अट कोणती, ते लिहा.
२. ल = ०.००१ घेऊन विभाग ४ मधील बेरीज संगणकावर काढा. किती पदे घेतली म्हणजे पुरेशी होतात, ते कारणासह सांगा.
३. या आठवड्यात आलेला एक तुकडा निवडा. त्याचे मूळ शोधा आणि गळलेली अट एका वाक्यात लिहा.